सपाट कागदावरची गोलाई

सेनगावहून हिंगोलीकडे जा की रिसोडकडे, बहुतेक गावांशी एक वस्तू लांबूनच नजरेत भरते: खांबांवर उभी असलेली गोल पाण्याची टाकी. यांतल्या बऱ्याच टाक्यांचा घाट ऑटो इंट्झे या जर्मन अभियंत्याच्या नावानं ओळखला जातो. वर उथळ घुमट, मधे उभी गोल भिंत, खाली उलट्या शंकूसारखी आत वळत गेलेली बाजू, आणि त्याखाली वर्तुळात उभे केलेले खांब. गोल, दंडगोल आणि शंकू एकाच बांधकामात पाहायचे असतील तर आपल्या भागात याहून सोयीचं उदाहरण नाही. आता हीच टाकी इलेव्हेशनमध्ये, म्हणजे समोरून दिसणाऱ्या सपाट रेखाटनात, काढा. घुमटाची एक चपटी कमान येते, गोल भिंतीचा आयत होतो, शंकूचा समलंब चौकोन होतो आणि खांबांच्या उभ्या रेघा. कमान सोडली तर हे रेखाटन चौकोनी टाकीलाही तितकंच लागू पडेल. जी गोष्ट या टाकीची ओळख आहे, ती गोलाई, तीच कागदावरून नाहीशी झाली.

इलेव्हेशन मापासाठी काढतात. त्यात रुंदी आणि उंची खरी राहावी म्हणून खोली सोडून द्यावी लागते. समोरची भिंत आणि तिच्या चार मीटर मागची भिंत एकाच पातळीवर येऊन बसतात. चौकोनी इमारतीत हे चालून जातं, कारण पाहणारा मनानं खोली भरून काढतो. वळणाऱ्या भिंतीत तसं होत नाही. भिंत कुठून वळायला लागली, किती वळली, बाहेर आली की आत गेली, यांपैकी काहीही नुसत्या रेघांतून कळत नाही. ती खोली परत मिळवून देण्याचं एक साधन ड्राफ्ट्समनच्या हातात आहे, आणि ते म्हणजे छाया. या पुस्तिकेतले पाठ त्याबद्दल आहेत.

आपल्याकडे हा विषय फार दुर्लक्षित राहिला. तालुक्याच्या गावांमध्ये आता नवीन घरांना गोल बाल्कनी, अर्धगोल जिना, वळणदार पॅरापेट यांची हौस आली आहे. सोयाबीन-हळदीचे चार पैसे हातात आले की माणूस घर बांधायला काढतो, आणि ‘इलेव्हेशन चांगलं करून द्या’ ही त्याची पहिली मागणी असते. नगरपंचायतीत परवानगीसाठी जो नकाशा जातो, त्यावरचं इलेव्हेशन मात्र नुसत्या रेघांचं असतं. घरमालकाला ते वाचता येत नाही. सेंटरिंगचं काम करणाऱ्यालाही प्लॅन हाती येईपर्यंत भिंत गोल आहे याचा पत्ता नसतो. स्लॅब पडल्यावर ‘हे असं गोल येणार होतं?’ असा प्रश्न विचारला जाणं हे रेखाटनाचं अपयश आहे. ज्याच्या पैशानं घर उभं राहणार, त्याला ते आधी डोळ्यांनी दिसायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

छाया द्यायला आपली मुलं शिकलेली असतात, हे या बाबतीत मोठं भांडवल आहे. महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षांना जिल्हा परिषदेच्या शाळांतूनही मुलं बसतात. तांब्या, बादली, माठ समोर ठेवून त्यांनी पेन्सिलीनं छाया दिलेली असते. तो हात कामाचा आहे, पण एक फरक आधीच लक्षात घ्यायला हवा. वस्तुचित्रात तांब्याचं तोंड लंबवर्तुळ दिसतं, आणि तांब्या गोल आहे हे अर्धंअधिक ते लंबवर्तुळच सांगून टाकतं. छाया पुढचं काम करते. इलेव्हेशनमध्ये लंबवर्तुळ नसतंच. गोल भिंतीची वरची कड आणि खालची कड, दोन्ही सरळ आडव्या रेघा. त्यामुळे गोलाई सांगण्याचा सगळा भार एकट्या छायेवर येतो. वस्तुचित्रात अंदाजानं दिलेली छाया चालून जाते. इथं ती मोजून द्यावी लागते.

मोजायची तर उजेड कुठून येतो हे ठरलेलं हवं. वास्तुरेखाटनात त्याचा संकेत पक्का आहे. सूर्य पाहणाऱ्याच्या मागे, डाव्या खांद्यावर. किरण एखाद्या घनाच्या कर्णाच्या दिशेनं येतात: समोरच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून मागच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडे. असा किरण प्लॅनमध्ये ४५ अंशांत दिसतो आणि इलेव्हेशनमध्येही ४५ अंशांतच. जमिनीशी त्याचा खरा कोन ३५ अंश १६ मिनिटं असतो, पण काढताना तो कोन लागतच नाही. ४५ अंशांचा सेटस्क्वेअर पुरतो. पॅरिसच्या एकोल द बोझार या कलाशाळेत हा संकेत कसोशीनं शिकवला जाई, आणि जगभरच्या वास्तुशाळांनी तो उचलला.

या संकेताचा खरा फायदा औंढा नागनाथला समजतो. तिथल्या मंदिराची खालची पाषाणभिंत सरळ नाही. ती ठरावीक अंतरानं पुढे येते, मागे जाते आणि अनेक कोन करते. नुसत्या इलेव्हेशनमध्ये हे सगळे कोन उभ्या रेघा होऊन बसतात. ४५ अंशांच्या उजेडात प्रत्येक पुढे आलेला भाग आपल्या उजवीकडच्या मागच्या भिंतीवर सावली टाकतो, आणि त्या सावलीची रुंदी दोन भिंतींतल्या अंतराएवढीच असते. भाग ३० सेंटिमीटर पुढे असेल तर सावलीही ३० सेंटिमीटरची. म्हणजे सावलीवर पट्टी ठेवली की प्लॅन न पाहता खोली मोजता येते. छायेला नुसती सजावट समजणाऱ्यांनी ही एक गोष्ट करून पाहावी.

कुणी म्हणेल, मग गावचा खरा सूर्यच का नको? कारण खरा सूर्य रेखाटनाला उपयोगी पडेल याची खात्री नसते. सेनगाव साधारण पावणेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात इथं भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. तेव्हा भिंतीवर उजेड नुसता घासून जातो आणि छज्जाची सावली खालपर्यंत लांबते. उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीला तर सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत ऊनच लागत नाही. कोणत्याही दिशेचं इलेव्हेशन सारख्याच खात्रीनं वाचता यावं म्हणून ठरलेला सूर्य लागतो. खऱ्या सूर्याचा अभ्यास खिडक्या आणि छज्जे ठरवताना करावा. तो वेगळा विषय आहे आणि आपल्या उन्हात फार महत्त्वाचा आहे.

आता गोलाईकडे येऊ. माझा आग्रह आहे की विद्यार्थ्यानं एकदम दंडगोलावर उडी मारू नये. आधी अष्टकोन काढावा. विजापूरच्या गोलघुमटाच्या चारही कोपऱ्यांना सात मजली अष्टकोनी मनोरे आहेत. असा मनोरा समोरून पाहिला की तीन बाजू दिसतात. पृष्ठभाग किरणांकडे जितका तोंड करून असेल तितका तो उजळ, हा योहान लॅम्बर्टनं १७६० साली मांडलेला नियम इथं लावून पाहा. डावी बाजू उजेडाच्या अगदी समोर असते. तिच्या तेजाला १०० धरलं तर मधली बाजू ७१ होते आणि उजव्या बाजूला उजेड फक्त घासून जातो, म्हणजे शून्य. तीन बाजू, तीन सपाट छटा: उजळ, मध्यम, गडद. एवढं नीट जमलं की दंडगोल समजायला वेळ लागत नाही, कारण दंडगोल म्हणजे असंख्य बाजूंचा बहुकोनच.

दंडगोलाची गणितं अशी. प्लॅनमधल्या वर्तुळाला ४५ अंशांत स्पर्श करणारा किरण काढा. तो जिथं स्पर्श करतो तिथून वर इलेव्हेशनमध्ये उभी रेघ न्या. ही छायारेषा. इथं उजेड संपतो. ती मध्यरेषेपासून उजवीकडे त्रिज्येच्या ०.७०७ पट अंतरावर येते. तिच्यापलीकडे कडेपर्यंत जी छायेतली पट्टी उरते, ती व्यासाच्या सुमारे १५ टक्के असते. सर्वांत उजळ रेघ तेवढ्याच अंतरावर, पण डावीकडे. डावी कड आणि मध्यरेषा यांची छटा एकसारखी येते, दोन्हीकडे ७१. ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि म्हणून बहुतेकांचे दंडगोल चुकतात. मध्यरेषेपासून उजवीकडे उजेड झपाट्यानं उतरतो. त्रिज्येच्या पाव अंतरावर तो ५१ होतो, निम्म्या अंतरावर २६, आणि छायारेषेवर शून्य. सर्वांत गडद जागा छायारेषेची, उजव्या कडेची नव्हे. कडेकडे जाताना छाया पुन्हा थोडी उजळते, कारण जमिनीवरून आणि आसपासच्या भिंतींवरून परतलेला उजेड तिथं पोचतो. उजवी कड काळीकुट्ट करून टाकली की भिंत वळून मागे जात नाही, ती कागदाला चिकटते.

छाया न देताही गोलाई थोडीफार दाखवता येते, आणि ती युक्ती फुकटची आहे. तीन मीटर त्रिज्येची अर्धगोल बाल्कनी १:५० प्रमाणात घ्या. कागदावर त्रिज्या ६० मिलिमीटर. प्लॅनमधल्या अर्धवर्तुळाचे बारा सारखे भाग करा, जसे ग्रिलचे गज सारख्या अंतरावर बसतील, आणि प्रत्येक बिंदू इलेव्हेशनमध्ये न्या. मध्यापासून कडेकडे जाताना गजांमधली अंतरं १५.५, १४.५, १२.४, ९.५, ६ आणि शेवटी जेमतेम २ मिलिमीटर अशी होत जातात. गज दाटत गेले की डोळा आपोआप गोल वाचतो. ग्रिलचे गज सगळीकडे सारख्या अंतरावर काढून बाल्कनी गोल असल्याचं सांगणारी रेखाटनं मी फार पाहतो. ती खोटी असतात. फरशीचे सांधे आणि खिडक्यांच्या रुंदी यांनाही हाच नियम लागतो.

आडव्या रेघा मात्र या कामी मुळीच येत नाहीत, आणि मुंबईच्या आर्ट डेको इमारती काढताना हीच अडचण उभी राहते. मरीन ड्राइव्हवरच्या घरांच्या गोल बाल्कन्या, खिडक्यांवरून भुवयांसारखे वळत गेलेले छज्जे, चर्चगेट स्टेशनासमोरचं वास्तुकार शोराबजी भेडवार यांनी रचलेलं १९३८चं इरॉस चित्रपटगृह: या शैलीचं सगळं सौंदर्य आडव्या पट्ट्यांच्या वळणात आहे. मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला २०१८मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या इमारतींच्या इलेव्हेशनमध्ये पट्ट्या सरळ रेघा होतात आणि वळण मरतं. ते जिवंत होतं छज्जाखालच्या सावलीत. सपाट भिंतीवर छज्जा जितका पुढे, तितकीच सावली खाली, आणि तिची कड सरळ. गोल भिंतीवर गोल छज्जाची सावली मात्र वक्र पडते. जिथं भिंत सर्वांत उजळ, तिथं सावली सर्वांत आखूड, म्हणजे छज्जाच्या पुढाव्याच्या ०.७ पट. तिथून उजवीकडे ती लांबत जाते आणि छायारेषेत जाऊन मिसळते. हा वक्र अंदाजानं काढायचा नाही. भिंतीवरचा एक बिंदू प्लॅनमध्ये घ्यायचा, तिथून ४५ अंशांत उजेडाच्या दिशेनं छज्जाच्या कडेपर्यंत रेघ न्यायची, आणि ती रेघ आडवी जितकी सरकली तितकं अंतर इलेव्हेशनमध्ये खाली उतरायचं. पाच-सहा बिंदू पुरतात. पुस्तिकेतला सर्वांत लांब पाठ याचाच आहे आणि तो लांब ठेवण्याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. वळणाऱ्या छज्जाखालची एक बरोबर सावली साऱ्या भिंतीवर घासलेल्या पेन्सिलीपेक्षा जास्त सांगते.

घुमट, शंकू आणि कोनाडा यांचं थोडक्यात सांगतो, कारण पाठांमध्ये ते सविस्तर आहेत. पूर्ण अर्धगोल घुमटावर, गोलघुमटासारख्या, सर्वांत उजळ जागा एक बिंदू असते. तो मध्यरेषेच्या डावीकडे त्रिज्येच्या ०.५८ पट आणि तळापासून तेवढाच वर. छायेची कड उजवीकडे खाली उतरणाऱ्या लंबवर्तुळाचा भाग असते. उथळ घुमटाचं तसं नाही. त्याच्या कडेचा उतार ३५ अंशांहून कमी असेल तर सगळा घुमट उजेडात राहतो. त्यावर छायेची पट्टी काढली की तो फुगलेला दिसतो, आणि ही चूक छापील पुस्तकांतही दिसते. टाकीचा उलटा शंकू ४५ अंशांचा असेल तर त्याची फक्त डावी अर्धी बाजू उजेडात येते, तीही अगदी मंद. वरची कड पुढे आली असेल तर तेवढीही तिच्या सावलीत जाते. अर्धगोल कोनाड्यात सगळं उलटं होतं. डाव्या कडेची सावली आत पडते आणि बरोबर मध्यरेषेपर्यंत पोचते, उजवा अर्धा भाग उजळतो. बाहेर आलेली गोलाई आणि आत गेलेली गोलाई यांत रेघांनी काहीच भेद होत नाही. छायेनं एका नजरेत होतो.

छटा कळल्या, आता त्या द्यायच्या कशानं? जुन्या वास्तुशाळांत चायनीज इंकच्या पातळ वॉशवर वॉश चढवत दंडगोल वळवले जात. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत १९१३ साली वास्तुकलेचा विभाग सुरू झाला. तिथं १९२३पासून वीस वर्षं धुरा सांभाळणाऱ्या क्लॉड बॅटलींनी विद्यार्थ्यांना जुन्या इमारतींची मोजमापं घ्यायला पाठवलं. त्यांच्या १९३४च्या पुस्तकात विद्यार्थ्यांनी मोजून काढलेली अशी रेखाटनं आहेत. मोजणं आणि छाया देणं ही एकच शिस्त आहे, हे त्या परंपरेकडून घेण्यासारखं आहे. वॉशची नजाकत मला फार प्रिय आहे, पण आपल्या भागातल्या रोजच्या कामासाठी मी तो सुचवणार नाही. रेखाटनाचं पुढे काय होतं ते पाहावं लागतं. ट्रेसिंगवरून अमोनिया प्रिंट काढत तेव्हा पेन्सिलीच्या कोवळ्या छटा त्यात उतरत नसत. आज कागद झेरॉक्सच्या दुकानात जातो किंवा मोबाइलवर फोटो काढून मिस्त्रीला पाठवला जातो. वॉशचे तिथं डाग होतात. शाईची स्वच्छ रेघ आणि ठिपका टिकतात.

म्हणून दंडगोलाला उभ्या रेघा. जाडी एकच ठेवायची आणि अंतर कमी-जास्त करायचं. उजळ जागी कागद कोरा, मध्यरेषेपासून रेघा सुरू, छायारेषेजवळ सर्वांत दाट, कडेला पुन्हा थोड्या विरळ. आडव्या-उभ्या रेघांची जाळी दंडगोलावर नको, ती भिंतीला खडबडीत करते. सावलीसाठी तिरप्या रेघा वापराव्यात, म्हणजे भिंतीची स्वतःची छाया आणि दुसऱ्यानं टाकलेली सावली वेगवेगळ्या ओळखू येतात. घुमटाला ठिपके. त्यांना वेळ लागतो, पण घुमटाच्या सर्व दिशांनी वळणाऱ्या पृष्ठभागाला दुसरं काही इतकं साजत नाही.

संगणकावर काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. ऑटोकॅडमध्ये तयार ग्रेडियंट मिळतो, त्यात दंडगोलाचा प्रकारही आहे. तो जसाच्या तसा टाकला की उजेड मध्यावर बसतो आणि दोन्ही कडा सारख्याच काळ्या होतात. शेजारच्या छज्जाची सावली मात्र डावीकडून येणाऱ्या उजेडाची. एकाच कागदावर दोन सूर्य दिसतात. ग्रेडियंट डावीकडे सरकवता येतो, किंवा गोल भिंतीचे सहा-सात उभे पट्टे करून प्रत्येकाला वर सांगितलेली छटा भरता येते. दुसरी पद्धत कंटाळवाणी वाटते, पण निकाल तिचाच चांगला येतो.

आणि एक मर्यादा. बांधकामाच्या जागेवर जाणाऱ्या कामाच्या ड्रॉइंगवर छाया देऊ नये. तिथं मापं, सळ्या, लेव्हल वाचायच्या असतात आणि रेघांच्या गर्दीत एक आकडा चुकला तरी नुकसान होतं. छायेचं इलेव्हेशन वेगळ्या कागदावर, घरमालकासाठी आणि काम सुरू होण्याआधी मिस्त्रीशी बोलण्यासाठी.

शेवटी एक विनंती, विशेषतः चित्रकलेच्या शिक्षकांना आणि आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स करणाऱ्या मुलांना. मराठवाड्यात अनेक गावांत पांढऱ्या मातीच्या गढ्या आहेत. त्यांचे गोल बुरूज दर पावसाळ्यात थोडे थोडे ढासळतात, माती उकरून नेली जाते, आणि बहुतेकांचं एकही मोजलेलं रेखाटन नाही. असा बुरूज तळाशी रुंद आणि वर निमुळता असतो, त्यामुळे त्याची छायेची पट्टी दंडगोलापेक्षा अरुंद येते. सरावाला याहून चांगली वस्तू नाही. बुरूज अर्धा भिंतीत दबलेला असेल तरी त्रिज्या काढता येते. त्याच्या गोलाईवर कुठंही दोन बिंदू धरून त्यांतलं सरळ अंतर मोजा, मग त्या रेषेच्या मध्यापासून गोलाई किती बाहेर आली आहे ते मोजा. निम्म्या अंतराच्या वर्गाला बाहेर आलेल्या मापाच्या दुपटीनं भागा आणि त्यात त्या मापाचा निम्मा मिळवा. अंतर चार मीटर आणि गोलाई अर्धा मीटर बाहेर असेल तर त्रिज्या सव्वाचार मीटर. दोन टेप, एक ओळंबा आणि दोन माणसं एवढंच लागतं. उभ्या भिंतीशेजारी फार जवळ थांबू नका, पावसाळ्यात तर नकोच. प्लॅन आणि इलेव्हेशन १:५० प्रमाणात काढा, छाया द्या, कागदावर गावाचं नाव आणि मोजल्याची तारीख लिहा, आणि एक प्रत ग्रामपंचायतीत व एक शाळेत ठेवा.